मामा तलावाचा उथळ काठ सांभाळताना

भंडारा-गोंदियात मामा तलावाचं, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातल्या माजी मालगुजारी तलावाचं, खोलीकरण निघालं की जेसीबी बहुधा काठापासूनच खणत सुटतो. पाणीसाठा वाढतो, पण मासे आणि पक्षी ज्याच्या आधाराने जगतात तो उथळ काठ जातो. काठाला २० फुटांत १ फूट उतार असेल, तर पाणी ४ इंच उतरताच सुमारे ७ फूट रुंदीचा ओला चिखल उघडा पडतो. शेकाट्या, तुतारी या पक्ष्यांचं खाणं त्या चिखलात असतं. उभ्या कडेच्या खड्ड्यात ते कुठून येणार? गाळ काढायचाच तर मधून काढावा, काठाला हात लावू नये.

काठावरची खरी डोकेदुखी म्हणजे बेशरम हे माजणारं झुडूप. ती उन्हाळ्यात, पाणी हटल्यावर, मुळासकट उपटावी. नुसती छाटली तर ओल्या मातीत पडलेल्या तुकड्यांना पेरापेराशी मुळं फुटतात आणि पावसाळ्यात दुप्पट रान माजतं. म्हणून सगळा काडीकचरा पाळीबाहेर (तलावाच्या बांधाबाहेर) नेऊन कडक वाळवावा. मोकळी झालेली घट्ट जमीन हलकी नांगरून घ्यावी.

चांगला पाऊस होऊन तळ भिजला की लागवड करायची. गोंदिया जिल्ह्यातल्या काही तलावांत ढिवर मच्छीमारांनी, त्यातही बायकांनी पुढाकार घेऊन, हे काम केलंय. हायड्रिला, व्हॅलिसनेरिया या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतींची रोपं जवळच्याच चांगल्या तलावातून मुळांच्या चिखलासकट आणून घोटा ते गुडघाभर पाण्यात रोवावीत. कडेला देवधान (रानटी भात) शोभतं. पाणी गढूळ असेल तर पानांपर्यंत उजेड पोचत नाही आणि रोपं कुजतात. म्हणूनच अशा तलावात सायप्रिनस मासा सोडू नये, तो तळ उकरतो. गवत्या मासा तर रोपंच फस्त करतो. वनस्पती टिकल्या की मरळीला पिल्लं वाढवायला आडोसा मिळतो, कमळपक्ष्याला तरंगत्या पानांवर घरटं करता येतं.

भातासाठी तुडूम (पाणी सोडायचं दार) उघडताना पाणी एकदम सोडू नये. हळूहळू उतरलं तर रोज नवा चिखल उघडा पडत राहतो.

पहिल्या हंगामात लागवडीभोवती काटेरी कुंपण हवंच. पण चराई कायमची बंद करणं चुकीचं. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात १९८२ मध्ये म्हशींना बंदी झाली आणि पास्पालम गवताने उथळ पाणी व्यापलं. रोपं रुजली की पुढच्या उन्हाळ्यात गुरं आत सोडावीत आणि पावसाआधी पुन्हा बाहेर काढावीत.