लाँगवूडची एक पौंडाची चिठ्ठी

१९०४च्या नोव्हेंबरात बेंजामिन ब्रॉडबेंट हडर्सफील्डचे महापौर झाले. उत्तर इंग्लंडमधलं हे लोकरगिरण्यांचं शहर, आणि ब्रॉडबेंटही गिरणीवालेच. त्यांचा जन्म शहरातल्या लाँगवूड भागातला. आपल्या कारकिर्दीच्या पहिल्या वर्षात लाँगवूडमध्ये जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या नावे एक वचनचिठ्ठी देण्याचं त्यांनी जाहीर केलं. बाळ वर्षाचं झालं की चिठ्ठी दाखवायची आणि एक पौंड न्यायचा. मजुराचा जवळजवळ आठवड्याचा पगार! फ्रान्समधल्या एका छोट्या गावाच्या महापौरांनी असंच काही केलं होतं, कल्पना तिथली.

तेव्हा इंग्लंड आणि वेल्समध्ये हजारातली दीडशेच्या आसपास मुलं पहिला वाढदिवस पाहत नसत; १८९९ साली तर १६३. एकूण मृत्युदर कित्येक वर्षं उतरत होता, नळाचं पाणी आलं होतं, गटारं झाली होती, तान्ह्यांचा आकडा मात्र हलत नव्हता. त्यात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या भरतीत असंख्य तरुण शरीरानं नापास झाले आणि सरकारला अचानक पाळण्यातल्या पोरांची काळजी वाटू लागली. साम्राज्याला शिपाई हवे होते, हे उघड आहे.

सगळ्यात वाईट काळ उन्हाळ्याचा. घोड्यांची लीद, मागच्या अंगणातले संडास, माश्या आणि उघडं दूध. हगवण लागली की दोन-तीन दिवसांत खेळ आटपायचा. त्या काळची एक दुधाची बाटली तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे: काचेची बाटली, तिच्या तोंडातून निघालेली हातभर लांब रबरी नळी, टोकाला बोंडी. बाळाला पाळण्यात ठेवून आईला कामाला लागता येई, कारण बाळ आपलं आपण चोखत राही. नळी आतून घासता येत नसे, आणि आत साचलेल्या दुधाचं जे व्हायचं ते होई. कायद्यानं बाळंतपणानंतर चार आठवडे बाईला गिरणीत घेता येत नसे. पुढे मात्र अंगावरचं दूध तुटायचं आणि ही बाटली यायची.

लाँगवूडच्या ११२ बाळांपैकी १०७ वर्षाची झाली. म्हणजे हजारी साधारण ४४, आधी तिथलं प्रमाण १२२ होतं. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण शंभर-सव्वाशे मुलांच्या हिशेबात योगायोगालाही बरीच जागा असते. आणि पौंड मिळणार म्हणून कुणा आईनं बाळाला जास्त जपलं असेल, हे मला पटत नाही.

माझ्या मते खरी गोष्ट चिठ्ठीच्या मागे होती. चिठ्ठी द्यायची तर बाळ झालंय हे लगेच कळायला हवं. जन्मनोंदणीला तेव्हा ४२ दिवसांची मुदत होती. तेवढ्यात कित्येक मुलं जाऊनही चुकलेली असत. शहराचे आरोग्याधिकारी सॅमसन मूर यांचं दुखणं नेमकं हेच होतं. म्हणून जन्माची वर्दी तातडीनं देणाऱ्याला एक शिलिंग (पौंडाचा विसावा भाग) मिळू लागला. सुईणींनी बातम्या आणल्या. मग स्त्री-डॉक्टर आणि गावातल्या बाया घरोघर जाऊ लागल्या: अंगावर पाजा, ते जमत नसेल तर बाटली कशी ठेवायची ते बघा. औषध द्यायचं नाही, ते डॉक्टरचं काम, हेही ठरलेलं.

१९०६ साली हडर्सफील्डनं संसदेकडून खास आपल्यापुरता कायदा करून घेतला: जन्माची वर्दी ४८ तासांत, सक्तीनं. पुढच्याच वर्षी देशासाठी कायदा आला, पण घ्यायचा की नाही हे ज्या त्या पालिकेच्या मर्जीवर. १९११चा उन्हाळा भाजून काढणारा निघाला आणि इंग्लंड-वेल्समधलं बालमृत्यूचं प्रमाण पुन्हा हजारी १३०वर गेलं. १९१२ थंड गेलं, तर ९५. माश्यांचा हात केवढा होता, ते या दोन आकड्यांत दिसतं.

१९१५ साली, महायुद्ध चालू असताना, वर्दी देशभर सक्तीची झाली. मुदत होती ३६ तास, आणि गर्भारपणाच्या अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर मृत जन्मलेल्या बाळांचीही वर्दी द्यावी लागे. रीतसर जन्मनोंदणीच्या वहीत तेव्हाही त्यांना जागाच नव्हती.