व्हीटी रोल : डिस्क रेकॉर्डर अजून टेपची भाषा का बोलतो

लाइव्ह कार्यक्रमाच्या कंट्रोल रूममध्ये डायरेक्टर आजही "व्हीटी स्टँडबाय... रोल" असंच ओरडतो. व्हीटी म्हणजे व्हिडिओ टेप. त्या खोलीत टेपचा तुकडा औषधालाही सापडणार नाही. रॅकमध्ये एसएसडी खोचलेला डिस्क रेकॉर्डर असतो आणि रोल व्हायला तिथे काही गोल फिरतही नसतं. पण हा जुनेपणा फक्त डायरेक्टरच्या तोंडी नाही. त्या रेकॉर्डरच्या पाठीमागे बघा, नऊ पिनांचं एक सॉकेट दिसेल. त्यातून येणारे हुकूम टेप डेकसाठी ठरवलेले आहेत, साधारण चाळीस वर्षांपूर्वी. नवीन मुलं विचारतात, "सर, हे असं उलटं का?" तेव्हा गोष्ट बरीच मागून सांगावी लागते.

अॅम्पेक्स कंपनीने १९५६ साली शिकागोत पहिला व्यवहार्य व्हिडिओ टेप रेकॉर्डर दाखवला. टेप दोन इंच रुंद, आणि चित्र लिहायला फिरत्या ड्रमवर चार हेड. चित्र उत्तम यायचं, पण ते टेपवर नेमकं कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. फिल्म उजेडासमोर धरली की फ्रेम दिसते, टेप धरली तर तपकिरी पट्टी दिसते. जोड द्यायचा तर टेपवर लोखंडाच्या बारीक कणांचं द्रावण लावून चुंबकी खुणा उमटवायच्या, भिंगातून बघायचं आणि ब्लेडने कापायचं. एडिटरचं निम्मं कसब जागा शोधण्यातच खर्च व्हायचं.

लाइव्हमध्ये तर भिंग आणि ब्लेडला वेळच नसतो. ७ डिसेंबर १९६३ ला फिलाडेल्फियात आर्मी विरुद्ध नेव्ही असा अमेरिकन फुटबॉलचा सामना होता. सीबीएसचे डायरेक्टर टोनी व्हर्ना यांना घडलेला खेळ लगेच पुन्हा दाखवायचा होता. अर्ध्या टनाहून जड असलेली मशीन त्यांनी मैदानावर आणली. टेप मागे नेऊन तो क्षण सापडवायचा कसा? त्यांनी टेपच्या ध्वनीपट्टीवर बीप टाकले. मागे नेताना चित्र धड दिसत नसलं तरी बीप ऐकून कळायचं की खेळ इथे सुरू झाला. दिवसभरात ही युक्ती एकदाच धड जमली. टचडाऊन पुन्हा दिसल्यावर समालोचक लिंडसे नेल्सन यांना प्रेक्षकांना बजावावं लागलं, की हे लाइव्ह नाही, आर्मीने दुसऱ्यांदा गुण मिळवलेले नाहीत. माझ्या मते टाइमकोडची, म्हणजे प्रत्येक फ्रेमला दिलेल्या तास-मिनिट-सेकंद-फ्रेम अशा पत्त्याची, कुळकथा त्या बीपपासून धरावी. कोड नव्हताच, पण चित्राला बाहेरून पत्ता चिकटवायची कल्पना तीच.

गंमत म्हणजे डिस्क ही काही अलीकडची गोष्ट नाही. अॅम्पेक्सचा एचएस-१०० हा डिस्क रेकॉर्डर १९६७ मध्येच आला आणि एबीसीने तो खेळांच्या प्रक्षेपणात वापरला. त्यावर फक्त ३० सेकंद मावायचे. जुनं पुसत नवं लिहीत तो सतत चालू असायचा, म्हणजे शेवटचे ३० सेकंद कायम हाताशी. स्लो मोशन, उलटी गती, थांबलेलं चित्र, सगळं एका कंट्रोल पॅनलवरून. हेड डिस्कवर कुठेही उडी मारू शकतं, त्यामुळे इथे पत्त्याची ओढाताण टेपइतकी नव्हती. शिवाय ३० सेकंदांत हरवून हरवणार काय?

टेपवर मात्र तासच्या तास साठत होते. त्यांना पत्ता दिला रॉकेटवाल्यांनी. अग्निबाणांच्या चाचण्यांत मोजमापांच्या टेपवर वेळ लिहायची पद्धत आधीपासून होती. कॅलिफोर्नियातल्या ईईसीओ या कंपनीने १९६७ मध्ये तीच कल्पना टीव्हीच्या टेपसाठी आणली. मग कंपन्या आपापले कोड काढू लागल्या, एकाचं दुसऱ्याला वाचता येईना, आणि एसएमपीटीई या अमेरिकी संस्थेने सगळ्यांसाठी एक प्रमाण ठरवलं. युरोपातल्या प्रसारकांच्या ईबीयू या संघटनेने तेच सेकंदाला २५ फ्रेमसाठी घेतलं. आपण पाल या टीव्ही पद्धतीवाले, त्यामुळे आपल्याकडे २५ चाच हिशेब.

हा कोड जवळून बघण्यासारखा आहे. प्रत्येक फ्रेमला ८० बिट. त्यातले २६ तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेमचे आकडे सांगतात, ३२ बिट वापरणाऱ्याला मोकळे सोडलेत, आणि शेवटचे १६ म्हणजे सिंक वर्ड, फ्रेमचा कोड कुठे संपतो ते सांगणारी ठरावीक खूण : दोन शून्यं, मग सलग बारा एक, मग एक शून्य आणि एक एक. हा शब्द दोन्ही टोकांना सारखा नाही. म्हणून टेप उलटी चालली तरी वाचणाऱ्या यंत्राला दिशा कळते. २५ फ्रेमचे मिळून सेकंदाला २,००० बिट झाले, म्हणजे हा कोड सरळ ऑडिओ ट्रॅकवर मावतो. चुकून स्पीकरवर आला तर रातकिड्यांनी एका सुरात कोरस धरल्यासारखा वाटतो, आणि शेजारच्या ट्रॅकमध्ये झिरपला तर साउंडवाला हात जोडतो.

त्यात एक खोट होती. टेप थांबली की ऑडिओ ट्रॅक मुका होतो, म्हणजे नेमकं स्थिर चित्र बघताना पत्ता गायब. म्हणून दुसरा कोड चित्राच्याच वरच्या, पडद्यावर न दिसणाऱ्या रेघांमध्ये घातला. त्याला व्हीआयटीसी म्हणतात. फिरतं हेड चित्राबरोबर तोही वाचतं. मात्र टेप फार वेगाने पळवली की हा चुकतो आणि ऑडिओवरचा टिकतो. म्हणून चांगले डेक दोन्ही वाचायचे आणि वेगाप्रमाणे अदलाबदल करायचे. अमेरिकेतल्या २९.९७ फ्रेमच्या भानगडीत, जिथे दर तासाला १०८ फ्रेमची तफावत पडते आणि ती भरायला आकडे गाळावे लागतात, आपल्याला सुदैवाने पडावं लागत नाही.

एका फ्रेमची किंमत मात्र आपल्या लोकांना नीट माहीत आहे. १४ नोव्हेंबर १९९२ ला डर्बनच्या कसोटीत कार्ल लीबेनबर्ग या तिसऱ्या पंचांनी रिप्ले बघून सचिन तेंडुलकरला धावबाद दिलं. पडद्यावरच्या निर्णयाने बाद झालेला तो पहिला फलंदाज. २५ फ्रेममध्ये एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. सेकंदाला ७ मीटर पळणारा फलंदाज तेवढ्यात २८ सेंटीमीटर सरकतो. फ्रेमचे दोन अर्धे, म्हणजे फील्ड, वेगवेगळे पाहिले तरी १४. क्रीझची रेघ त्यापेक्षा अरुंद असते.

पत्ता मिळाला, पण तिथे जा असं यंत्राला लांबून सांगायचं कसं? सुरुवातीला जाड केबल असायची, जवळपास प्रत्येक बटणाला एक तार. तिची जागा १९८० च्या दशकात सोनीच्या नऊ पिनांच्या प्रोटोकॉलने, म्हणजे यंत्रांच्या ठरलेल्या भाषेने, घेतली. आरएस-४२२ जोडणी, वेग सेकंदाला ३८,४०० बिट, केबल शेकडो मीटर लांब नेली तरी चालते. भाषा इतकी काटकसरी की आकडे पाठ होतात. "प्ले" म्हणजे २० ०१ २१. शेवटचा २१ ही आधीच्या दोघांची बेरीज, निरोप वाटेत बिघडला का ते तपासायला. टेप १०:२०:००:१० वर नेऊन उभी करायची असेल तर : २४ ३१ १० ०० २० १० ९५. पहिल्या आकड्यातला ४ सांगतो की मागे चार आकडे येताहेत. ते उलटे वाचा : फ्रेम १०, सेकंद ००, मिनिटं २०, तास १०. बेरीज सोळाच्या पायाने करायची, म्हणजे ९५ जुळते. डेकने ९ मिलिसेकंदांच्या आत उत्तर द्यायचं, "हो" म्हणायचं तर १० ०१ ११. एका फ्रेममध्ये एक प्रश्न, एक उत्तर. माझ्या कामात याहून नेटका संवाद मी पाहिलेला नाही, माणसांचाही नाही.

हा प्रोटोकॉल सगळ्यांनी उचलला आणि तिथेच पुढची गाठ बसली. १९९० च्या दशकाच्या मध्यात टेक्ट्रॉनिक्सच्या प्रोफाइलसारखे डिस्क रेकॉर्डर बाजारात आले. १९९४ मध्ये बेल्जियमच्या लिएज भागात ईव्हीएस सुरू झाली, तिच्या रिप्ले मशीनने खेळांच्या ओबी व्हॅन, म्हणजे मैदानावर नेल्या जाणाऱ्या फिरत्या कंट्रोल रूम, भरून गेल्या, आणि "ईव्हीएस ऑपरेटर" हे आपल्याकडेही हुद्द्याचं नाव झालं. पण कंट्रोल रूममधले कॅमेरे बदलणारे स्विचर, एडिट कंट्रोलर, ऑटोमेशन सगळे टेप डेकशी बोलायला शिकलेले. ते बदलायला पैसा कुणाकडे होता? मग डिस्कनेच डेकचं सोंग घेतलं. तिच्यावर फाइल्स असतात, सलग पट्टी नसते, पण कंट्रोलरला ती सांगते की मी एक लांबलचक टेप आहे. टेपला वेग पकडायला पाचेक सेकंदांचा प्रीरोल लागायचा. डिस्कला तो लागत नाही, तरी जुना कंट्रोलर तिला मागे नेऊन पळवतो आणि ती बिचारी पळते.

सोंगाचा कंटाळा आल्यावर लाउथ ऑटोमेशनने व्हीडीसीपी हा खास डिस्कसाठीचा प्रोटोकॉल काढला. तार तीच, वेग तोच, पण बोलणं बदललं. पत्त्याऐवजी क्लिपचं नाव सांगायचं, तेही आठ अक्षरांत बसवून. एकाच मशीनचे अनेक पोर्ट, एकावर रेकॉर्ड चालू असताना दुसऱ्यावर तेच साहित्य प्ले. न्यूज चॅनेलच्या प्लेआउटला, म्हणजे तयार क्लिप हवेत सोडायच्या कामाला, हा फार मानवला. लाइव्ह स्टेजवर मात्र नऊ पिनवालाच टिकला, कारण तिथे क्लिपला नाव द्यायला फुरसत नसते, "मघाचा तो क्षण" एवढंच माहीत असतं, आणि तो क्षण म्हणजे टाइमकोड.

आता नेटवर्क केबलवरून काम चालतं. ब्लॅकमॅजिकच्या हायपरडेक या डिस्क रेकॉर्डरला ९९९३ या पोर्टवर साध्या अक्षरांत "प्ले" लिहून पाठवलं की तो "२०० ओके" म्हणतो. लॅपटॉपवरून कुणीही करून बघावं. फक्त नेटवर्कवर त्या ९ मिलिसेकंदांसारखी हमी नाही. अचूक फ्रेमवर रोल हवा असेल तर स्विचरमध्ये प्रत्येक मशीनचा उशीर फ्रेममध्ये भरून ठेवावा लागतो, आणि तो भरणारा माणूस सुट्टीवर असला की पहिली दोन-तीन अक्षरं कापलेला आवाज हवेत जातो.

मल्टिकॅममध्ये दहा रेकॉर्डर असतील तर दहाही घड्याळं जुळायला हवीत. आतला स्फटिक दहा लाखांत दहा भागांनी चुकला तर तासाला ३६ मिलिसेकंद जातात, जवळजवळ एक फ्रेम. म्हणून जेनलॉक, म्हणजे सगळ्यांच्या फ्रेम एका ठेक्यावर ठेवणारा सिग्नल, म्हणून एकाच जनरेटरचा टाइमकोड सगळीकडे. आयपीवर चालणाऱ्या नव्या स्टुडिओत हे काम पीटीपी हा नेटवर्कवरून घड्याळं जुळवणारा प्रोटोकॉल करतो, त्याचं प्रसारणासाठीचं प्रमाण २०१५ चं.

आणि तरी पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीसारखं काम आलं की खरी परीक्षा रात्री बारा वाजता असते. दिवसाच्या वेळेचा टाइमकोड २३:५९:५९:२४ नंतर शून्यावर येतो. डिस्कच्या दृष्टीने काहीच घडलेलं नसतं, फाइल वाढत असते. पण टेपच्या संस्कारात वाढलेला कंट्रोलर ००:०५ ला २३:५० शोधायला निघतो आणि जवळजवळ चोवीस तास पुढे बघायला लागतो. एका अशाच रात्री आम्ही अर्धा तास केबल बदलत होतो. हुकूम जात होते, उत्तर येत नव्हतं. बारा वाजल्याचा दोष म्हणून आम्ही टाइमकोडला शिव्या घातल्या. शेवटी चहा घेऊन आलेल्या पोऱ्याने विचारलं, "दादा, हा लाइट बाकीच्यांवर लागलाय, याच्यावर नाही, तो का?" कुणाचा तरी हात लागून रेकॉर्डर "लोकल"वर गेला होता, म्हणजे फक्त स्वतःच्या बटणांचं ऐकत होता. रिमोटचं बटण दाबलं, आणि तो निमूटपणे १० ०१ ११ म्हणायला लागला.