इन्स्पेक्टर (कार्टूनपटमाला)

इन्स्पेक्टर : डीपॅटी-फ्रेलेंग एंटरप्रायझेस या अमेरिकन संस्थेने १९६५ ते १९६९ या काळात खास चित्रपटगृहांसाठी काढलेली ३४ छोट्या कार्टूनपटांची मालिका. वितरण युनायटेड आर्टिस्ट्सचे होते. पॅरिसच्या पोलीस खात्यातला, स्वतःच्या अकलेवर गाढ भरवसा असलेला एक मिशाळ इन्स्पेक्टर आणि त्याच्या हाताखालचा सुस्त स्पॅनिश सार्जंट दूदू ही तिची मुख्य जोडी. त्यांच्या डोक्यावर बसलेला कायम खवळलेला कमिशनर हा तिसरा गडी. पण मालिका नीट पाहिली की हा तिसरा गडीच तिचा खरा आधार असल्याचे लक्षात येते. एक कार्टून सहा-सात मिनिटांचे असे आणि ते मुख्य चित्रपटाआधी दाखवले जाई.

मालिकेचे मूळ एका चित्रपटात आहे. ब्लेक एडवर्ड्स यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘द पिंक पँथर’ (१९६३) मध्ये ‘पिंक पँथर’ हे एका मौल्यवान हिऱ्याचे नाव होते. डेव्हिड निव्हनने रंगवलेला उमदा रत्नचोर हा नायक होता, आणि त्याच्या मागावरचा फ्रेंच पोलीस अधिकारी झाक क्लूझो हे खरे तर दुय्यम पात्र. ही भूमिका आधी पीटर उस्तिनॉव्हकडे होती. त्याने ऐन वेळी अंग काढून घेतल्यावर ती पीटर सेलर्सकडे आली आणि त्याने अख्खा चित्रपट खिशात घातला. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘अ शॉट इन द डार्क’ मध्ये क्लूझो सरळ मध्यवर्ती पात्र झाला. त्याला छळणारा (खरे तर त्याच्यामुळे छळला जाणारा) वरिष्ठ अधिकारी ड्रायफस याच चित्रपटात अवतरला. ती भूमिका हर्बर्ट लोमची. या दोन्ही चित्रपटांची श्रेयनामावली कार्टूनमध्ये होती आणि ती डीपॅटी-फ्रेलेंगनेच केली होती. पहिल्या नामावलीतला गुलाबी बिबट्या इतका गाजला की त्याची स्वतंत्र मालिका निघाली, आणि तिच्या ‘द पिंक फिंक’ (१९६४) या पहिल्याच भागाला ऑस्कर मिळाले. दुसऱ्या नामावलीतून कार्टूनरूपातला पोलीस आला. बिबट्याचे नाणे चालते म्हटल्यावर पोलिसाचेही चालवून पाहावे, एवढा साधा धंदेवाईक हिशेब या मालिकेमागे होता.

संस्थेची कथाही इथे सांगायला हवी, कारण मालिकेचा चेहरामोहरा तिच्यातून आला. वॉर्नर ब्रदर्सने १९६३ मध्ये आपला कार्टून विभाग बंद केला. त्या विभागाचे अखेरचे व्यवस्थापक डेव्हिड डीपॅटी आणि तिथले बुजुर्ग दिग्दर्शक फ्रिझ फ्रेलेंग यांनी एकत्र येऊन नवी संस्था काढली आणि बरबँकमधली तीच जुनी वास्तू भाड्याने घेतली. माणसेही बरीचशी तीच. फ्रेलेंगचा अनेक वर्षांचा सहकारी हॉली प्रॅट, जुना अॅनिमेटर जेरी चिनिक्वी, फॉगहॉर्न लेगहॉर्न कोंबड्याचा जनक रॉबर्ट मॅकिम्सन, लेखक जॉन डन, संगीतकार विल्यम लाव्हा हे सगळे इथे दिसतात. बग्ज बनीच्या काळात मुरलेले हात, पण पैसा मात्र निम्म्यानेही नाही, अशा अवस्थेत ही मंडळी काम करत होती. पात्रे पूर्वीसारखी अंगभर हलत नाहीत. एखादा हात, ओठ, भुवई तेवढी हलते आणि बाकी चित्र जागच्या जागी असते. ही तंगी झाकण्यासाठी त्यांनी दोन गोष्टींचा आधार घेतला : बोलणे आणि पार्श्वभूमी. पॅरिसचे रस्ते आणि इमारती चार रेघांत काढायच्या आणि रंगाचा फराटा रेघेच्या बाहेर गेला तरी तसाच ठेवायचा, ही शैली नाइलाजातून आली असली तरी आज पाहताना तीच ताजी वाटते.

पहिला भाग ‘द ग्रेट द गोल स्टोन ऑपरेशन’ डिसेंबर १९६५ मध्ये ‘थंडरबॉल’ या बाँडपटाला जोडून पडद्यावर आला. द गोल त्या वेळी फ्रान्सच्या अध्यक्षपदावर होते. त्यांच्या नावाचा हिरा, आणि त्यातून पित्ताशयाच्या खड्यावरची (इंग्रजीत ‘गॉलस्टोन’) शस्त्रक्रिया सुचवणारे शीर्षक. मालिकेतली बहुतेक नावे याच थाटाची आहेत : ‘सिऱ्होसिस ऑफ द लूव्र’, ‘नेपोलियन ब्लोन-अपार्ट’, ‘ले मिझरोबॉट्स’, ‘टूर द फार्स’, ‘बाँब व्हॉयाज’. फ्रेंच शब्दाला इंग्रजी शेपूट लावायचे किंवा उलट करायचे. कधी जमते, कधी ओढूनताणून आणलेले असते. पहिल्या भागातला चोरही असाच अफाट आहे : एका धडावर तीन डोकी असलेले मॅट्झोरायली बंधू. पुढे येणाऱ्या गुन्हेगारांची जात कुठली असणार, ते इथेच कळते. ‘कॉक-अ-डूडल दूदू’ मध्ये चोरीचा हिरा कुक्कुटपालन केंद्रातल्या अंड्यांच्या ढिगात हरवतो, ‘सीक! सीक! सीक!’ मध्ये शास्त्रज्ञाचे औषध पिऊन खुद्द सार्जंटच अधूनमधून राक्षस होतो आणि बिचाऱ्या इन्स्पेक्टरला आपल्याला कोण बडवून गेले हे समजतच नाही, ‘ट्रान्सिल्व्हानिया मेनिया’ मध्ये एका रक्तपिपासूला आपल्या राक्षसासाठी मेंदू हवा असतो.

चित्रपटातला क्लूझो आणि कार्टूनमधला इन्स्पेक्टर एकच, असे सर्रास मानले जाते. मालिकेत मात्र त्याला क्लूझो म्हणत नाहीत, तो नुसता ‘इन्स्पेक्टर’ आहे. फरक नुसता नावापुरताही नाही, स्वभावाचाही आहे. सेलर्सचा क्लूझो हा पक्का बावळट आहे, पण नशीब त्याच्या पाठीशी असते. तो दारावर आपटतो, तळ्यात पडतो, भलत्याच माणसावर संशय घेतो आणि शेवटी गुन्हेगार आपोआप त्याच्या पायाशी येऊन पडतो. आपण चुकलो हे त्याच्या गावीही नसते. कार्टूनमधला इन्स्पेक्टर तितका मूर्ख नाही. त्याच्या योजना कागदावर बऱ्या असतात, माग काढणे त्याला येते, कधीकधी चोर सापडतोही. पण त्याच्या कपाळी नशीब फुटके लिहिलेले आहे. बाँब दुसऱ्याकडे भिरकावला तर तो फिरून त्याच्याच हाती येतो, बेडी चोराला घालताना स्वतःचेच मनगट अडकते. आणि आपण तोंडघशी पडलो हे त्याला पुरते कळते. म्हणूनच क्लूझोला आपण हसतो तेव्हा त्याची कीव येत नाही, इन्स्पेक्टरची मात्र येते.

त्यात भर कमिशनरची. कामगिरी सोपवणारा तोच, अपयशावर खेकसणारा तोच, आणि स्फोटात होरपळणाराही बहुधा तोच. वरच्याने मधल्याला झापायचे, मधल्याने खालच्याला, आणि खालच्याने ‘बरं साहेब’ म्हणून परत तीच चूक करायची, ही सरकारी कचेरीची जुनी उतरंड इथे जशीच्या तशी आहे. गुन्हेगार हे निमित्त. मालिकेतले चांगले भाग नेमके ते आहेत, ज्यांत चोर बाजूला राहतो आणि साहेब आणि हाताखालचा एकमेकांच्या तावडीत सापडतात. ‘ले क्वाएट स्क्वॉड’ मध्ये कामाच्या ताणाने कमिशनर कोलमडतो, त्याला पूर्ण शांतता हवी असते आणि ती राखण्याचे काम इन्स्पेक्टरवर येते. तपास नाही, चोर नाही, फक्त आवाज होऊ द्यायचा नाही. शांततेसाठी केलेली प्रत्येक धडपडच गोंगाटाचे कारण होते. ‘नेपोलियन ब्लोन-अपार्ट’ मध्ये तुरुंगातून सुटलेला बाँबवाला कमिशनरवर सूड उगवायला येतो आणि साहेबाचा जीव वाचवायला निघालेला इन्स्पेक्टरच साहेबाला सर्वांत घातक ठरतो. ‘ले मिझरोबॉट्स’ तर काळाच्या पुढचा म्हणावा असा आहे : खात्यात यांत्रिक पोलीस येतो, तो चुकत नाही, दमत नाही, आणि इन्स्पेक्टरची नोकरी जाते. मग हा गडी गुन्हेगारांना सोडून त्या यंत्राच्याच मुळावर उठतो.

सार्जंट दूदू हे पात्र चित्रपटात नाही. ‘अ शॉट इन द डार्क’ मध्ये क्लूझोचा मदतनीस होता तो ग्रॅहम स्टार्कने केलेला एर्क्यूल लाझ्वा, आणि घरी हल्ले चढवणारा नोकर केटो. कार्टूनवाल्यांनी दोघांनाही बाजूला ठेवून नवा माणूस घडवला : ठेंगणा, पेंगुळलेल्या डोळ्यांचा, सावकाश बोलणारा. फ्रेंच खात्यात नोकरी करूनही त्याच्या तोंडून होकार स्पॅनिशमध्येच येतो. इन्स्पेक्टर सूचना देतो, दूदू म्हणतो, ‘सी.’ इन्स्पेक्टर वैतागतो : ‘सी नाही म्हणायचं, वी म्हणायचं.’ दूदू मान डोलावून पुन्हा ‘सी’. भागागणिक हा संवाद येतो आणि तरी तो शिळा होत नाही. त्याचे एक कारण पडद्यामागे आहे. दोघांचेही आवाज पॅट हॅरिंग्टन (धाकटा) या एकाच नटाचे होते. इन्स्पेक्टरचा फ्रेंच हेल आणि दूदूचा संथ स्पॅनिश हेल आळीपाळीने काढत तो स्वतःलाच दटावत असे. टीव्हीवर गीदो पान्झिनी नावाचा इटालियन माणूस रंगवून तो आधीच प्रसिद्ध झाला होता, त्यामुळे परके उच्चार ही त्याची हुकमी चीज होती. पुढे ‘वन डे अॅट अ टाइम’ या मालिकेतल्या श्नायडरच्या भूमिकेसाठी त्याला एमी पुरस्कारही मिळाला. कमिशनरचा आवाज काही भागांत पॉल फ्रीसने, काहींत लॅरी स्टॉर्चने दिला.

सुस्त स्पॅनिश माणूस ही त्या काळच्या अमेरिकन कार्टूनमधली ठरावीक थट्टा होती आणि आज ती खटकते, हे मान्य करायला हवे. पण दूदू नुसता थट्टेचा विषय राहत नाही. संकटात डोके थंड असते ते त्याचेच. साहेब हवेत उडून काळाठिक्कर पडून खाली येतो, तेव्हा हा कडेला धड उभा असतो. दूदू ज्या भागांत नाही ते भाग पाहिले की त्याचे महत्त्व कळते. इन्स्पेक्टरला बोलायला कोणी उरत नाही, आणि मग उरते ती नुसती आदळआपट.

संगीताचा उल्लेख केल्याशिवाय ही नोंद पुरी होणार नाही. बिबट्याच्या मालिकेला हेन्री मॅन्सिनीची सॅक्सोफोनवरची जगप्रसिद्ध धून आहे. इन्स्पेक्टरला मॅन्सिनीचीच, पण ‘अ शॉट इन द डार्क’ ची धून दिली गेली. ती अधिक चोरपावलांची, थोडी खट्याळ आहे. भागांतले पार्श्वसंगीत आधी विल्यम लाव्हाने आणि नंतर वॉल्टर ग्रीनने केले.

सुरुवातीच्या भागांवर फ्रेलेंगचा हात आहे. नंतरचे बरेचसे दिग्दर्शन चिनिक्वी आणि मॅकिम्सन यांनी केले. पॅरिसमधल्या कल्पना संपत आल्यावर इन्स्पेक्टरला बाहेर धाडणे सुरू झाले : ‘कनेडियन कॅन-कॅन’ मध्ये तो कॅनडाच्या घोडेस्वार पोलिसांत जातो, ‘लंडन देरिएर’ मध्ये लंडनला, ‘टूर द फार्स’ मध्ये कैद्याला पोहोचवायला थेट डेव्हिल्स आयलंड या फ्रेंचांच्या तुरुंग-बेटावर. या उत्तरार्धात एखाददुसरा भाग सोडला तर कल्पनांचा भाता रिकामा झाल्याचे जाणवते. अखेरचा भाग ‘कार्ट ब्लांच्ड’ १९६९ मध्ये आला. तोवर चित्रपटगृहांतल्या कार्टूनचा जमानाच मावळतीला लागला होता. चित्रपटासोबत कार्टून दाखवायचे तर त्याचे पैसे मोजायला मालक तयार नव्हते, आणि मुले शनिवारी सकाळी घरीच टीव्हीपुढे बसू लागली होती.

मालिकेला खरा प्रेक्षक मिळाला तो टीव्हीवरच. सप्टेंबर १९६९ मध्ये एनबीसी वाहिनीवर ‘द पिंक पँथर शो’ सुरू झाला. त्यात बिबट्याच्या दोन भागांच्या मध्ये इन्स्पेक्टरचा एक भाग असे. वाहिनीने त्यावर ध्वनिमुद्रित हशा चढवला. काळ्या विनोदाच्या, थांबून थांबून रंगणाऱ्या प्रसंगावर तो ठोकळेबाज हशा पडला की सगळी गंमत जाते. तरीही आज मध्यमवयीन असलेल्या अनेक प्रेक्षकांना इन्स्पेक्टर आठवतो तो ‘बिबट्याच्या मधला’ म्हणूनच, आणि ही मालिका मुळात मोठ्या पडद्यासाठी, बाँडपटाला आलेल्या प्रौढांसाठी होती हे त्यांच्या ध्यानीमनीही नसते. १९७० पासून मुंगी आणि आर्डवार्क (मुंग्या खाणारा एक आफ्रिकी प्राणी) यांची मालिकाही या कार्यक्रमात सामील झाली.

क्लूझोचे कार्टूनरूप चित्रपटांच्या श्रेयनामावलीत मात्र पुढेही येत राहिले. १९६८ मध्ये सेलर्सऐवजी अॅलन आर्किनला घेऊन केलेल्या ‘इन्स्पेक्टर क्लूझो’ ची नामावली डीपॅटी-फ्रेलेंगची होती. सेलर्स परतल्यावरच्या १९७५ आणि १९७६ मधल्या दोन चित्रपटांच्या नामावल्या रिचर्ड विल्यम्सच्या चित्रशाळेने केल्या, आणि त्या रेखाटनाच्या सफाईत मूळ मालिकेच्या कितीतरी वरचढ आहेत. डीपॅटी-फ्रेलेंग ही संस्था १९८१ मध्ये मार्व्हलने विकत घेतली. इन्स्पेक्टरचे ३४ भाग युनायटेड आर्टिस्ट्सबरोबर एमजीएमकडे गेले आणि २०१६ मध्ये किनो लॉर्बरने ते ब्लू-रे व डीव्हीडीवर एकत्र आणले.