ॲक्टिव्ह यीस्ट आणि इन्स्टंट यीस्ट: पाकिटं सारखी, वागणं वेगळं

निपाणीच्या भाचीचा परवा रविवारी फोन आला. "मावशी, दीड तास झाला, पीठ हाय तसंच हाय गं. मळून मळून हात दुखाय लागले, पण फुगायचं नाव नाही." घरी मटणाचा रस्सा शिजत आलेला, पाहुणे बसलेले आणि डिनर रोल परातीत दगडासारखे. मी म्हटलं, गोळ्याचा जवळून एक फोटो पाठव. फोटो आला आणि काय झालंय ते लगेच दिसलं. पांढऱ्या पिठात राजगिऱ्याएवढे तपकिरी ठिपके जागोजागी अडकले होते. ते यीस्टचे दाणे होते. भिजलेच नव्हते, मग काम कुठून करणार?

तिनं कृती चुकवली नव्हती. कृतीत लिहिलं होतं, यीस्ट थेट मैद्यात मिसळा. पण ती कृती इन्स्टंट यीस्टची होती, तिच्या हातात पाकीट होतं ड्राय ॲक्टिव्ह यीस्टचं. दुकानात तिनं विचारलंही होतं. उत्तर मिळालं, "दोन्ही एकच की वो अक्का." हे उत्तर आमच्या बेळगावातही मी किती वेळा ऐकलंय. सांगणारा खोटं बोलत नाही, त्यालाही तसंच वाटतं. पण पहिल्या दहा मिनिटांत ही दोन यीस्ट इतकी वेगळी वागतात की त्यावर आख्ख्या संध्याकाळचं जेवण अवलंबून असतं.

जीव एकच, हे मात्र खरं. दोन्हीत सॅकरोमायसिस सेरेव्हिसी हीच बुरशी आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या एकेका पेशीची. ती साखर खाते, कार्बन डायऑक्साइड सोडते, तो वायू मैद्याच्या चिवट जाळ्यात अडकतो आणि पीठ फुगतं. फरक पडतो तो या पेशी वाळवताना.

ड्राय ॲक्टिव्ह हा जुना प्रकार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सैन्याच्या पावासाठी तो तयार झाला, कारण ताजं यीस्ट थंडीत ठेवल्याशिवाय टिकायचं नाही. हे यीस्ट वाळवताना बाहेरच्या बाजूच्या बऱ्याच पेशी मरतात आणि मेलेल्या पेशींचं एक कवच जिवंत पेशींभोवती तयार होतं. म्हणून दाणा जाड, गोलसर, तपकिरी. ते कवच कोमट पाण्यात विरघळलं की आतले जीव मोकळे होतात. इन्स्टंट आलं 1970च्या दशकात. ते गरम हवेच्या झोतात, जास्त हळुवारपणे आणि झटपट वाळवतात. मेलेल्या पेशी कमी, दाणा बारीक. बोटांवर घेऊन बघा, शेवयांचा अगदी बारीक चुरा केल्यासारख्या काड्या दिसतात, रंगही फिकट. त्याला वेगळं भिजवावं लागत नाही. पिठातल्या ओलाव्यातच ते जागं होतं.

नावांनी मात्र घोळ केलाय. 'ॲक्टिव्ह' वाचून वाटतं, हे जागं आहे, लगेच कामाला लागेल. प्रत्यक्षात तेच जास्त गाढ झोपलेलं असतं. 'इन्स्टंट' वाचून वाटतं, पाच मिनिटांत पीठ दुप्पट होईल. तसंही होत नाही. 'इन्स्टंट' म्हणजे फक्त भिजवण्याची पायरी वाचली. फुगायला वेळ लागतोच.

पाकिटावर छापलेलं असेल तर प्रश्न मिटतो, पण आपल्याकडे अडचण सुट्या पुड्यांची आहे. मोठं पाकीट फोडून पन्नास-शंभर ग्रॅमच्या प्लास्टिकच्या पुड्या बांधतात. त्यावर ना नाव, ना तारीख. मी एकदा अशी पुडी आणली होती, दोन घाणे वाया गेले, तेव्हापासून सुटं घेणं बंद केलं. घ्यावंच लागलं तर तळहातावर चिमूटभर ओतून दाणे बघते. गोल मणी दिसले तर ॲक्टिव्ह, बारीक काड्या दिसल्या तर इन्स्टंट. छापील पाकिटावर इमल्सिफायर 491 असं लिहिलेलं दिसलं तर बिचकू नका. वाळवताना आणि परत भिजताना पेशींना जपण्यासाठी ते घातलेलं असतं.

आता भिजवण्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण चुका इथंच होतात.

ड्राय ॲक्टिव्हला 40 अंशांच्या आसपासचं पाणी लागतं. आपल्या घरात कुठं थर्मामीटर असतो? मी असं करते: एक चमचा उकळतं पाणी आणि तीन चमचे नळाचं पाणी. हेच माप वाटीनं घ्या किंवा पेल्यानं, पाणी चाळिशीच्या जवळ येतं. बोट बुडवून दहापर्यंत मोजता आलं पाहिजे, चटका बसता कामा नये. त्यात चिमूटभर साखर, वरून यीस्ट भुरभुरायचं, एकदा ढवळायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. आधी दाणे तळाशी जातात, मग एकेक करून वर यायला लागतात, पाणी गढूळ होतं आणि शेवटी वर मऊ फेसाची टोपी चढते. वासही बदलतो, आंबोळीच्या पिठाला दुसऱ्या दिवशी येतो तसा, जरासा गोड. टोपी नाही चढली तर मैदा भिजवूच नका. यीस्ट मेलेलं आहे.

फार गरम पाण्यानं यीस्ट मरतं, हे बहुतेकांना ठाऊक आहे. 60 अंशांना ते संपलंच. पण गार पाण्यानंही नुकसान होतं, हे मला फार उशिरा कळलं. आमचं बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवर, डिसेंबरात सकाळचं नळाचं पाणी बोटं बधिर करतं. त्या पाण्यात वाळलेलं यीस्ट भिजवलं तर पेशींचं आवरण नीट सांधायच्या आत आतला ऐवज बाहेर झिरपतो. त्यात ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो आणि तो मैद्याच्या चिवटपणाचे धागे ढिले करतो. पीठ मग कितीही मळा, हाताला चिकटत राहतं, गोळा ताठ उभा राहत नाही, रोल पसरट होतात. मी त्या वर्षी मैद्याला दोष देत दोन किराणा दुकानं बदलली. दोष पाण्याचा होता.

इन्स्टंटला हे सगळं करावं लागत नाही. मैद्यात कोरडंच मिसळायचं आणि मग कोमट दूध ओतायचं. बर्फाच्या पाण्याशी त्याची थेट गाठ घालू नये एवढंच. मीठ मात्र यीस्टच्या डोक्यावर ओतू नका, परातीच्या दुसऱ्या कडेला घाला. लगेच मरत नाही, पण भिजताना मीठ अंगावर असलं की सुस्तावतं.

झटपट रोल करायचे असतील तर माझा कौल सरळ इन्स्टंटला. माझं नेहमीचं माप नऊ रोलांचं: मैदा 300 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट दीड छोटा चमचा, साखर दोन मोठे चमचे, मीठ एक छोटा चमचा, कोमट दूध 130 मिली, कोमट पाणी 60 मिली, लोणी 30 ग्रॅम. लोणी शेवटी, पीठ एकजीव झाल्यावर. घरचं ताज्या सायीचं लोणी असेल तर ताक नीट निथळून घ्या, नाहीतर पीठ सैल होतं. ड्राय ॲक्टिव्ह वापरणार असाल तर दीडऐवजी दोन चमचे घ्या आणि यातल्याच 60 मिली पाण्यात ते भिजवा. पाणी वेगळं वाढवू नका. प्रमाण असं लक्षात ठेवा: एका चमच्या ॲक्टिव्हच्या जागी पाऊण चमचा इन्स्टंट. मेलेल्या पेशींचं वजन आपण ॲक्टिव्हमध्ये मोजत असतो, म्हणून ते जास्त लागतं.

दहा मिनिटं मन लावून मळायचं. सुरुवातीला पीठ बोटांना धरून राहतं, तेव्हा वरून मैदा टाकायचा मोह आवरा. सातव्या-आठव्या मिनिटाला ते आपोआप परात सोडतं. छोटा तुकडा दोन्ही हातांनी ताणून उजेडात धरला, तर न फाटता पातळ पडद्यासारखा झाला पाहिजे. एवढं झालं की झाका. अर्ध्या तासात इन्स्टंटचं पीठ जवळजवळ दुप्पट येतं, नऊ गोळे करायचे, लोणी लावलेल्या ताटलीत जवळजवळ लावायचे, आणखी वीस-पंचवीस मिनिटं. मग 190 अंशांवर अठरा ते वीस मिनिटं भाजायचे. मळण्यापासून भाजून बाहेर येईपर्यंत पावणेदोन तासांत होतं. ॲक्टिव्हनं हेच करायला सव्वादोन तास धरा: भिजवण्याची दहा मिनिटं, आणि पहिली फुगण जराशी आळसावलेली.

पण घड्याळावर फार विसंबू नये. इडलीचं पीठ एप्रिलात चार-पाच तासांत उतू जातं आणि थंडीत सकाळपर्यंत हलत नाही, हे आपल्या प्रत्येक घरात माहीत आहे. यीस्टचंही तेच. पिठाची ऊब आठ-दहा अंशांनी वाढली की त्याचा वेग साधारण दुप्पट होतो. डिसेंबरात आमचं स्वयंपाकघर सकाळी 20-22 अंशांवर असतं, तेव्हा परात न्हाणीतल्या बंबाशेजारी ठेवते, अगदी चिकटवून नाही, हातभर लांब. बंब नसेल तर बंद ओव्हनमध्ये खाली उकळत्या पाण्याचं भांडं ठेवा आणि वरच्या जाळीवर पीठ. एप्रिल-मे महिन्यांत उलट काळजी. अर्धा तास म्हणून सोडलं आणि पाऊण तास लागला, तर पीठ फुगून बसतं, रोलला आंबूस वास येतो. बोट हलकेच दाबून बघा: खळगा सावकाश भरून आला तर तयार, लगेच उसळला तर थांबा, भरलाच नाही तर उशीर झालाय.

साखरेबद्दलही एक गैरसमज फार आहे. साखर जास्त घातली की यीस्टला खायला जास्त, म्हणून पीठ लवकर फुगेल, असं वाटतं. थोडी असेल तोवर ठीक. मैद्याच्या दहा टक्क्यांवर गेली की ती यीस्टमधलंच पाणी ओढून घेते आणि काम मंदावतं. गोड बन करताना ते उशिरा फुगतात ते यामुळे. वरच्या मापात साखर आठ-नऊ टक्के आहे, तेवढी पुरे.

मग ॲक्टिव्ह घ्यायचंच नाही का? तसं नाही. मला त्याची एक गोष्ट आवडते: ते आधीच खरं सांगतं. फेस आला की जीव आहे. इन्स्टंट थेट पिठात जातं, ते मेलेलं असेल तर तासाभरानंच कळतं आणि तोवर अर्धा किलो मैदा, दूध, लोणी सगळं गुंतलेलं असतं. म्हणून पाकीट फोडून दोन-तीन महिने झाले असतील तर मी इन्स्टंटचीही अशीच परीक्षा घेते. गरज नसते, पण नुकसानही होत नाही. सावकाशीच्या पावालाही ॲक्टिव्ह छान. रात्री यीस्ट अर्ध्या मापानं घालून मळायचं, फ्रिजमध्ये ठेवायचं, सकाळी भाजायचं. वेळ हाताशी असला की दोन्हींतला फरक जवळजवळ पुसला जातो, आणि चवीला तर हळू फुगलेला पावच सरस. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की पोदेराचा, म्हणजे तिथल्या पाववाल्याचा, पाव जसा लागतो त्यात भट्टीइतकाच सावकाशीचा वाटा आहे. पूर्वी तिकडं यीस्टचं पाकीट नव्हतंच, माडाच्या सुरेनं पीठ फुगवायचे. त्या सुरेत हेच जीव, फक्त मोकळे, रानटी.

साठवण दोघांची सारखीच, आणि आपल्या भागात ती खरी परीक्षा. जूनपासून पाऊस सुरू झाला की खानापूरकडं तर पापडसुद्धा डब्यात मऊ पडतो. उघडं पाकीट रबर लावून फडताळात ठेवलं तर यीस्ट हवेतला ओलावा पिऊन अर्धवट जागं होतं आणि खायला काही न मिळता मरतं. पाकीट फोडल्याबरोबर घट्ट झाकणाच्या काचेच्या छोट्या बाटलीत भरा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. गोठून मरत नाही. चमचा मात्र कोरडाच घाला.

भाचीला त्या दिवशी मी काय सांगितलं? पीठ टाकू नकोस म्हटलं. आणखी एक चमचा ॲक्टिव्ह यीस्ट तीन चमचे कोमट पाण्यात भिजवायला लावलं, फेस आल्यावर ते पाणी आणि दोन मूठ मैदा त्याच गोळ्यात घालून पुन्हा मळायला लावलं, आणि परात शेगडीजवळ ठेवायला सांगितली. पाहुण्यांना रस्सा भाताबरोबर वाढला. नऊ वाजता दुसरा फोटो आला, दहा रोल, एकमेकांना चिकटलेले, वर तांबूस. दुसऱ्या दिवशी मुलांनी ते चहात बुडवून संपवले. उरलेल्या ॲक्टिव्हची बाटली आता तिच्या फ्रीझरमध्ये आहे आणि झाकणावर स्केचपेननं लिहिलंय, "आधी भिजव".