दोन होकार: मेयेरसन आणि बाशलार

आइन्स्टाइन आणि फ्रेंच तत्त्वज्ञ म्हटलं की १९२२ साली पॅरिसमध्ये तत्त्वज्ञ बर्गसाँशी काळाच्या स्वरूपावरून झालेला वाद आठवतो. विरोध लक्षात राहतोच. मला मात्र आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताला फ्रेंच तत्त्वज्ञांनी त्यानंतर दिलेले दोन होकार जास्त मोलाचे वाटतात, आणि नेमके तेच एका माळेत ओवले जातात.

एमिल मेयेरसन यांचं सापेक्षतेवरचं पुस्तक १९२५चं, गास्तों बाशलार यांचं १९२९चं. मेयेरसन मूळचे रसायनशास्त्रज्ञ, बाशलार आधी टपाल खात्यात नोकरीला. सिद्धांत दोघांनीही मनापासून स्वीकारला. पण शीर्षकं पाहा: पहिल्यात ‘निगमन’, म्हणजे आधीच्या तत्त्वांतून निष्कर्ष काढणं; दुसऱ्यात ‘विगमन’, म्हणजे इथे हाती असलेल्यातून अधिक व्यापक, नव्या कल्पनेकडे झेप. बाशलार यांचं शीर्षक हे मेयेरसन यांना दिलेलं उत्तरच आहे.

मेयेरसन म्हणतात, बदलामागे काय टिकून राहतं हे बुद्धी सतत शोधत असते. सतराव्या शतकातल्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने जडद्रव्याचा उलगडा अवकाशाच्या विस्तारातून करू पाहिला होता. आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाची भूमिती केली, म्हणजे ते अवकाश-काळाची वक्रता म्हणून मांडलं. भूक तीच, जुनी. स्वतः आइन्स्टाइनने १९२८ साली या पुस्तकाची तारीफ केली.

बाशलार यांना हे पटत नाही. त्यांचं म्हणणं समजायला बुध ग्रह घ्या. त्याची कक्षा हळूहळू फिरते, आणि त्यातल्या शतकाला सुमारे ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) हिशेब न्यूटनच्या गणितात बसेना. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी १८५९ साली सुचवलं, की बुधाच्याही आत न दिसलेलं काहीतरी फिरत असावं. नेपच्यून त्यांनी असाच गणिताने शोधला होता, त्यामुळे ही अपेक्षा मुळीच वेडगळ नव्हती. पण तिथे काही सापडलं नाही. न्यूटनचं गणित कितीही घासूनपुसून घेतलं तरी त्या ४३ विकलांचं उत्तर त्यातून निघत नाही. त्यासाठी अवकाश, काळ, वस्तुमान या कल्पनाच नव्याने मांडाव्या लागतात. त्या मांडल्या, की कमी वेग आणि क्षीण गुरुत्वाकर्षण असेल तिथे न्यूटनची सूत्रं आपोआप हाती येतात. म्हणजे आइन्स्टाइनकडून न्यूटनकडे उतरता येतं. न्यूटनकडून पायरी पायरीने वर चढता येत नाही.

म्हणून मेयेरसन यांच्या होकारात बुद्धी आहे तशीच राहते, बाशलार यांच्या होकारात तिलाही बदलावं लागतं. माझा कौल बाशलार यांना. तरी गुरुत्वाकर्षणाच्या भूमितीमागे देकार्तची जुनी आस ओळखणारी मेयेरसन यांची नजर मला सोडवत नाही.