कृषी पत्रकारिता व शेतीशाळा (महाराष्ट्र)

संशोधन केंद्रातली शिफारस, बाजारभाव आणि इतरांचे अनुभव शेतकऱ्यापर्यंत मराठीतून नेणारी नियतकालिके व प्रक्षेपणे, तसेच त्यांना पूरक असे बांधावरचे हंगामी शिक्षण.

कृष्णराव भालेकरांचे ‘दीनबंधु’ (१८७७) शेतकऱ्यांची बाजू मांडणारे होते, पण ते चळवळीचे पत्र, लागवडीचे नव्हे. पीकसल्ल्याला भक्कम आधार मिळाला तो राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२) येथील कृषी विद्यापीठांमुळे. कृषी विभागाचे ‘शेतकरी’ मासिक आणि मुंबई दूरदर्शनचा ‘आमची माती, आमची माणसं’ यांनी तो घरोघर नेला. २००५ मध्ये ‘अ‍ॅग्रोवन’ हे शेतीला वाहिलेले दैनिक सुरू झाले. रोजच्या अंकाचा खरा फायदा कीडसल्ल्यात. मासिक हाती पडेपर्यंत अळी बोंडात शिरलेली असते.

विद्यापीठांच्या शिफारशी दरवर्षी संयुक्त बैठकीत मंजूर होतात. तिथून छापील मजकुरापर्यंत येताना घोळ होतो तो बहुधा एककांचा. उदाहरणार्थ, कपाशीवरील बोंडअळ्यांसाठी इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी (पाण्यात विरघळणारे दाणेदार कीटकनाशक) १० लिटर पाण्यात ४ ग्रॅम घेतात. हेक्टरी ५०० लिटर पाणी धरले तर २०० ग्रॅम, म्हणजे एकरी ८० ग्रॅम आणि १५ लिटरच्या पंपाला ६ ग्रॅम. बातमीत ‘हेक्टरी’चे ‘एकरी’ झाले की मात्रा अडीचपट होते. पंप साधा की पॉवरचा, हेही लिहावे लागते, कारण पॉवर पंपाला पाणी कमी लागते आणि द्रावणाची तीव्रता बदलते. नुसते व्यापारी नाव छापणे तर जाहिरातच. घटकाचे नाव, टक्केवारी, पीक व किडीसाठी लेबलवरची मान्यता आणि फवारणी ते काढणी यांतील दिवस हवेतच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेने माणसे दगावली. तेव्हापासून हातमोजे, मास्क आणि वाऱ्याची दिशा या गोष्टी सल्ल्याच्या शेपटाला न ठेवता आधी लिहाव्यात, हे पटायला हरकत नसावी.

बाजारभावात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे क्विंटलचे तीन दर येतात. मथळ्यात कमाल दर झळकतो, पण तो एखाद्या निवडक लॉटलाच मिळालेला असू शकतो. गाडी भरायची की थांबायचे हे सर्वसाधारण दर आणि आवक पाहून ठरते. यशोगाथांचे दुखणे याच जातीचे. ‘एकरी लाखोंचे उत्पन्न’ म्हणताना घरची मजुरी, ठिबकचा घसारा आणि न विकलेला माल हिशेबात नसतो.

वाचून कळले तरी कीड ओळखता येईलच असे नाही. त्यासाठी शेतीशाळा. ही पद्धत जागतिक अन्न व कृषी संघटनेने १९८९ मध्ये इंडोनेशियात भातासाठी सुरू केली. सुमारे २५ शेतकरी एकाच प्लॉटवर पेरणीपासून काढणीपर्यंत ठरावीक अंतराने जमतात. सकाळी चार-पाच जणांचे गट झाडे तपासतात, मग मोठ्या कागदावर मधोमध झाड, एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला ढालकिडा, क्रायसोपा यांसारखे किडींना खाणारे मित्रकीटक, त्यांची संख्या आणि हवामान असे चित्र काढून फवारणी करायची की नाही ते गटच ठरवतो. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारा सापळा) सलग तीन रात्री प्रत्येकी ८ पतंग, किंवा १० टक्के फुले वा बोंडे प्रादुर्भावग्रस्त, ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे फवारणीचा खर्च परवडू लागतो ती मर्यादा. तिच्या आत असेल तर पंप खाली ठेवायचा.

शाळा बिघडते ती प्लॉट सोडून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर भरवली की. तिथे अधिकारी बोलतात, बाकीचे सह्या करतात. दुपारी भरवली तरी निरीक्षण फसते, उन्हात बऱ्याच किडी पानाआड दडतात. यादीत सातबाऱ्यावरची नावे असतात. निंदणी आणि वेचणी करणाऱ्या, म्हणजे ज्यांना डोमकळ्या (गुलाबी बोंडअळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुले) सर्वांत आधी दिसतात त्या बाया मात्र पटावर क्वचितच.