ग्रीन टीचा कप आणि ग्रीन टीची कॅप्सूल, दोन्ही एकच समजू नका

सांगलीत आमराईत सकाळी चालायला येणाऱ्यांत हल्ली ग्रीन टीचा विषय निघाला नाही असा दिवस नसतो, आणि त्यात दोन गट पडलेत. एक घरी जाऊन कपभर ग्रीन टी पिणारे, आणि दुसरे "ते कडू पाणी कोण पिणार रोज" म्हणून मेडिकलमधनं ग्रीन टी एक्स्ट्रॅक्टची डबी आणून चालायला निघतानाच उपाशीपोटी एक गोळी टाकणारे. दोघांनाही वाटतंय आपण एकच गोष्ट घेतोय. मला हे मनापासून सांगायचंय की तसं नाहीये, आणि दुसऱ्या गटातल्या काका-काकूंनी तर हे नक्की वाचावं.

दोन्हींत मुख्य घटक एकच, ईजीसीजी, म्हणजे एपिगॅलोकॅटेचिन गॅलेट. हे चहाच्या पानातलं एक पॉलिफेनॉल, म्हणजे वनस्पतींत तयार होणाऱ्या रसायनांचा एक प्रकार. आपला नेहमीचा चहा आणि ग्रीन टी एकाच झाडाचे, फक्त आपल्या चहाची पानं मळून हवेवर ठेवतात आणि त्यात हे ईजीसीजी बरंचसं बदलून जातं, त्यातनंच तो लालसर रंग येतो. ग्रीन टीची पानं तोडल्यावर लगेच वाफवतात किंवा कढईत भाजतात, म्हणून ते टिकतं. इथवर काही घोळ नाही.

घोळ सुरू होतो तो प्रमाणापासनं. साधारण एका कपात 50 ते 100 मिलिग्रॅम ईजीसीजी उतरतं, पानं किती, पाणी किती गरम, किती वेळ ठेवलं यावर ते कमीजास्त होतंय. आता डबी हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. समजा लिहिलंय "ग्रीन टी एक्स्ट्रॅक्ट 500 मिलिग्रॅम, ईजीसीजी 45 टक्के", तर एका गोळीत 225 मिलिग्रॅम झालं, आणि खाली "दिवसातून दोन" असेल तर 450. वरनं दोन-तीन कप पण चालू असतील तर ते वेगळेच. काही डब्यांवर नुसतं "पॉलिफेनॉल 98 टक्के" असतं, त्यात ईजीसीजी किती ते कळतच नाही, अशी डबी मी तरी कुणाला घ्यायला सांगणार नाही.

आणि नुसत्या आकड्यांचं पण नाही. कप तुम्ही घोट घोट घेता, बहुतेक वेळा काहीतरी खाल्ल्यावर, दिवसभरात थोडा थोडा. गोळी एकदम पोटात जाते. उपाशीपोटी घेतली तर रक्तात जाणारं ईजीसीजी जेवणाबरोबर घेतल्यापेक्षा तिपटीहून जास्त भरलेलं अभ्यासात दिसलंय. ऐकायला फायदा वाटतो, पण ते सगळं आतड्यातनं आधी लिव्हरकडेच जातं.

आता संशोधन, कारण डबीवर "संशोधनाने सिद्ध" असं ठळक छापतात आणि माणूस तिथंच फसतो. ज्या अभ्यासाचा दाखला सगळ्यात जास्त दिला जातो तो जपानच्या ओसाकी भागातला, 2006 साली प्रसिद्ध झाला, 40 ते 79 वयाचे 40,530 लोक, 11 वर्षांपर्यंत लक्ष ठेवलेलं. दिवसाला पाच किंवा जास्त कप पिणाऱ्या बायकांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू, एक कपापेक्षा कमी पिणाऱ्यांपेक्षा 31 टक्के कमी होते, पुरुषांत 22 टक्के. कॅन्सरच्या मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही. पण हे सगळे लोक चहा पिणारे होते, 100 मिलिलिटरचे छोटे कप, गोळी नाही! आणि हा नुसता निरीक्षणाचा अभ्यास, त्यामुळे चहामुळेच आयुष्य वाढलं असं त्यातनं छातीठोक सांगता येत नाही.

गोळीचा अभ्यास वेगळा आहे आणि तो जाहिरातीत कुणी सांगत नाही. अमेरिकेत मिनेसोटात पाळी गेलेल्या हजारावर बायकांवर चाचणी झाली, निम्म्यांना वर्षभर रोज 843 मिलिग्रॅम ईजीसीजीच्या कॅप्सूल, निम्म्यांना नुसत्याच दिसायला तशा. खऱ्या कॅप्सूलवाल्यांत 6.7 टक्के बायकांचं एएलटी, म्हणजे लिव्हरला त्रास झाला की रक्तात वाढणारं एन्झाइम, वाढलं, दुसऱ्या गटात फक्त 0.7 टक्के. 2018 ला युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनेही सगळं तपासून हेच सांगितलं, की सप्लिमेंटमधनं दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गेलं तर लिव्हरची एन्झाइम्स वाढतात, आणि नेहमीसारखा पाण्यात करून प्यायलेला ग्रीन टी साधारणपणे सुरक्षित. त्याच्याही आधी 2003 मध्ये फ्रान्स आणि स्पेनमध्ये एक्झोलिज नावाची वजन कमी करायची ग्रीन टीची गोळी लिव्हरच्या तक्रारींमुळे बाजारातनं काढावी लागली होती.

त्रास सगळ्यांना होत नाही, बहुतेकांना काहीच होत नाही. पण एचएलए-बी 35:01 नावाचा जीनचा एक प्रकार असलेल्यांना धोका बराच जास्त दिसलाय, आणि तो आपल्यात आहे का हे कुणालाच आधी माहीत नसतं.

सांगलीकराला हे हळदीवरनं पटकन कळेल. मार्केट यार्डातली राजापुरी आपण पिढ्यान्‌पिढ्या आमटीत घालतोय, चिमूटभर हळदीत करक्युमिन असून असून किती, दोन-चार टक्के. तेच करक्युमिन वेगळं काढून मिरीच्या अर्काबरोबर कॅप्सूलमध्ये भरलं तर त्यानेही लिव्हर बिघडल्याच्या केसेस नोंदल्या गेल्यात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांत जीनचा हाच प्रकार सापडला.

वजनाचं म्हणाल तर, ज्यासाठी बहुतेक लोक डबी आणतात, 2012 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे त्या विषयावरच्या चाचण्या एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, उतरलेलं वजन इतकं थोडं होतं की त्याला फारसा अर्थ नाही. त्यासाठी लिव्हर पणाला लावणं मला अजिबात पटत नाही.

कपवाल्यांनी पण दोन गोष्टी बघा. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाबरोबर ग्रीन टी नको, भाजी-डाळीतलं लोह नीट शोषलं जात नाही, तासभर अंतर ठेवा. आणि बीपीसाठी नॅडोलॉल चालू असेल तर डॉक्टरांना विचारा, ग्रीन टीने ते रक्तात फार कमी पोचतं. करताना उकळी आली की गॅस बंद, दोन मिनिटं थांबून मग पानं टाका, दोन-तीन मिनिटांत गाळा, आपल्या चहासारखं खळखळ उकळलं की कडूच होणार.

आणि घरात कुणी गोळी घेतच असेल तर उपाशीपोटी देऊ नका, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला आणि 18 वर्षांखालच्यांना तर नकोच, युरोपात 2022 च्या नियमाने हे डबीवर छापावंच लागतं. गोळी सुरू केल्यावर लघवी गडद व्हायला लागली, डोळे पिवळट दिसले, भूक मेली, पोटात उजवीकडे वरच्या बाजूला दुखायला लागलं तर गोळी त्याच दिवशी बंद करून लिव्हर फंक्शन टेस्ट करून घ्या, आणि डॉक्टरांकडे जाताना डबी बरोबर न्या, कारण "कुठली औषधं चालू आहेत" विचारल्यावर आपल्याकडे कुणी ग्रीन टीचं नाव घेतच नाही.